पेज उतू गेली तरी पाच मिनिटांत पुसून होईल अशी गॅस रेंज निवडताना

गॅस रेंज म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन असलेलं एकच यंत्र. तिची किंमत लाखाच्या वर असली म्हणजे ती पुसायलाही सोपी असेल, असं नाही. उलट बऱ्याच महागड्या रेंजवर पितळी कडा, कोरीव नॉब, जोडपट्ट्या असे जास्तीचे कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात मासे तळतानाचा रवा जाऊन बसतो. शोरूममधली चकाकी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मॉडेलसमोर एकच गोष्ट तपासा: वरून सांडलेलं पुढे कुठे जातं, आणि तिथपर्यंत तुमची बोटं पोचतात का?

गोव्यातल्या स्वयंपाकघरात सांडणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. उकड्या तांदळाची पेज उतू जाते आणि तिचा स्टार्च पत्र्यावर पापुद्र्यासारखा वाळतो. हुमणात (माशाच्या आमटीत) नारळाच्या रसाची चरबी असते, शिवाय सोलांचा किंवा चिंचेचा आंबटपणा. इसवण-बांगडा तळताना खोबरेलाचे बारीक तुषार उडतात. ते गरम पत्र्यावर पडून पिवळे, चिकट होतात. मणगण्यातला (चणाडाळीच्या खिरीतला) गूळ जळला की डागच राहतो. त्यात समुद्राचा खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने. रेंजचा प्रत्येक भाग या सगळ्यासमोर टिकेल का, हे बघून घ्यायचं आहे.

वरचा पत्रा

निम्मा निर्णय इथेच होतो. पत्रा अखंड हवा, एकाच तुकड्यातून दाबून काढलेला. दोन तुकडे जोडलेले असले की त्या फटीत गेलेली पेज परत बाहेर येत नाही. ती आत सुकते, तिच्यावर तेल बसतं आणि थोड्याच दिवसांत मुंग्यांची रांग लागते. पत्र्याची कड चारही बाजूंनी उचललेली आणि मधला भाग सहा-सात मिलिमीटर तरी खोल असावा. एवढ्या खोलीत अर्धा-पाऊण लिटर सांडलं तरी ते नॉबवरून खाली ओघळत नाही. कड सपाट असेल तर सांडलेलं थेट नॉबच्या दांड्यांवर आणि तिथून ओव्हनच्या दारावर येतं. मग पुसायच्या जागा तिप्पट होतात.

कोपरे गोल आहेत का? फडक्यात गुंडाळलेलं बोट कोपऱ्यात अलगद बसून फिरलं पाहिजे. काटकोनी कोपरा दिसायला रुबाबदार असतो, पण तो दर वेळी जुन्या टूथब्रशने घासावा लागतो. पत्र्यावर उघडे स्क्रू दिसले तर ते मोजा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यात काजळी साचते, आणि स्क्रू हलक्या लोखंडाचा असेल तर पहिल्याच पावसाळ्यात त्याच्याभोवती तांबडी कडी उमटते.

आता बर्नरचं बूड बघा. सीलबंद बर्नरमध्ये ते पत्र्याला घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे सांडलेलं आत उतरत नाही. बूड पत्र्याहून निदान एक सेंटिमीटर वर उचललेलं हवं. ते पत्र्याच्या पातळीत असेल तर पेजेचं पाणी बर्नरभोवतीच साचतं, स्पार्कच्या टोकापर्यंत पोचतं आणि पुढचा अर्धा दिवस शेगडी नुसती टकटकत राहते.

काही व्यावसायिक धाटणीच्या रेंजमध्ये बर्नर उघडे असतात आणि सांडलेलं खालच्या ताटलीत पडतं. जोरदार आचेवर मोठं भांडं ठेवणाऱ्यांना ते आवडतात, आणि ती आवड चुकीची नाही. पण पुसण्याच्या सोयीसाठी विचाराल तर घरगुती वापरात सीलबंदच घ्या. उघडा घ्यायचाच ठरवलं तर ताटली समोरून ओढून, एका हाताने निघाली पाहिजे आणि ती तुमच्या सिंकमध्ये आडवी मावली पाहिजे. नव्वद सेंटिमीटर रेंजची ताटली पुष्कळ घरांतल्या सिंकमध्ये मावत नाही. मग ती बाहेर नळाखाली न्यावी लागते, आणि हळूहळू नेणंच बंद होतं. म्हणून दुकानात जाण्याआधी सिंकची आतली मापं लिहून घ्या.

बर्नरचे तुकडे

एका बर्नरचे साधारण तीन भाग होतात: पत्र्याला बसवलेलं बूड, त्यावरची भोकांची चकती आणि वरची टोपी. तीन कड्यांच्या मोठ्या बर्नरला एक-दोन तुकडे जास्त. तुकडे कमी तेवढं धुणं सोपं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते चुकीचे बसूच नयेत. चकतीला खाच असावी आणि ती एकाच जागी बसावी. टोपी तिरकी बसली की एका बाजूची ज्योत लांब आणि पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते, आणि मग शेगडीबरोबर भांडीही घासत बसावी लागतात.

चकती ॲल्युमिनियमची की पितळेची, हा प्रश्न हमखास निघतो. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त असतं, पण सोलं, चिंच आणि नारळाचं विनेगर त्याला खातात. रात्रभर आंबट सांडलेलं राहिलं तर पांढरट चट्टे पडून धातू खडबडीत होतो, आणि खडबडीत जागी घाण जास्त धरते. डिशवॉशरच्या पावडरीत ॲल्युमिनियम काळवंडतं, ते सहजी उजळत नाही. पितळ काळं पडतं, पण ते वरवरचं असतं. चिंचेने घासून, लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडं केलं की झालं. आमच्या मते गोव्यात पितळेची चकती आणि त्यावर जाड एनॅमलची, म्हणजे भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपाची, काळी टोपी हा जोड सर्वांत कमी त्रासाचा. दुकानदार ‘पितळी बर्नर’ म्हणाला तर नेमकं काय पितळेचं आहे ते विचारा, कारण कधी कधी फक्त टोपी पितळेची असते. सबाफ या इटालियन कंपनीचे बर्नर अनेक ब्रँड वापरतात. तसे असले तर चकत्या आणि टोप्या सुट्या मिळण्याची शक्यता वाढते, तेवढ्यासाठी ते नाव विचारून घ्यावं.

भोकं साफ करायला लाकडी काडी किंवा मऊ नायलॉनचा ब्रश. सुई, पिन, स्क्रू-ड्रायव्हर नको. विशेषतः आतल्या जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक एलपीजीसाठी एक मिलिमीटरहूनही बारीक असतं. ते जरासं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा कमी पडते आणि ज्योत कायमची पिवळी होते.

जाळी

ओतीव लोखंडाची जाळी चांगली, यात शंका नाही. इडल्यांचं भरलेलं पातेलं तिच्यावर डळमळत नाही. पण काही रेंजवर अख्ख्या पत्र्यावर पसरणाऱ्या दोनच अवाढव्य जाळ्या असतात. घरात जो कोणी रोज शेगडी पुसणार आहे, मग ते सत्तरीतले आजी-आजोबा असोत की कामाला येणाऱ्या बाई, त्यांना ती जाळी एका हाताने उचलता येते का? नाही आली तर पुसणारा तिच्याखालून कसाबसा फडका फिरवणार आणि मधली जागा तशीच राहणार. प्रत्येक बर्नरला, फार तर दोन बर्नरना मिळून एक अशा सुट्या जाळ्या घ्या.

जाळीला मॅट एनॅमल हवं. नुसता काळा रंग असेल तर तो काही महिन्यांत सोलतो. जाळी उलटी करून खालचे रबरी पाय बघा. ते नसतील किंवा निघून पडत असतील तर जाळी पत्र्यावर घासते, एनॅमल उडतं, आणि आपल्या हवेत त्या टिकलीएवढ्या जागेतून गंज पसरतो. हे रबरी पाय जास्तीचे मागून ठेवा, ते हरवतातच. जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये फडक्यासह हात शिरेल एवढी जागा असली तर रोज जाळी उचलायचीही गरज पडत नाही.

स्टील कोणतं आणि खारा वारा

कळंगुट, मिरामार, कोलवा, बाणावली या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. समुद्रापासून साधारण पाच किलोमीटरपर्यंत हवेतलं मीठ स्टीलवर बसतं, ओल धरतं आणि चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे हा त्रास कमी, पण पावसाळ्यातली ओल तिथेही आहेच.

‘स्टेनलेस स्टील’ एवढं उत्तर पुरेसं नाही. ग्रेड विचारा. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वयंपाकघरासाठी ते चांगलं. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतं, त्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर डाग लवकर पडतात. महागड्या रेंजमध्येसुद्धा वरचा पत्रा ३०४ चा आणि बाजूचे पत्रे ४३० चे असू शकतात. खिशात एक लोहचुंबक न्या. ४३० ला तो घट्ट चिकटतो. ३०४ ला चिकटत नाही, फार तर वळवलेल्या कडेवर किंचित ओढ जाणवते. मात्र २०१ आणि २०२ या हलक्या ग्रेडनाही चुंबक चिकटत नाही. म्हणून चुंबक चिकटला नाही एवढ्यावर खूश होऊ नका. ग्रेड माहितीपुस्तिकेत छापलेला आहे का ते बघा, नसेल तर बिलावर लिहून मागा. बाजूचे पत्रे ४३० चे निघाले तर लगेच रेंज नाकारायचं कारण नाही, पण वरचा पत्रा आणि नॉबमागची पट्टी ३०४ चीच हवी.

आरशासारख्या चकचकीत स्टीलवर बोटाचा प्रत्येक ठसा दिसतो. बारीक रेषांचं ब्रश फिनिश घ्या आणि पुसताना हात रेषांच्याच दिशेने फिरवा. तारेचा काथ्या कधीच नको: त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि तेच गंजतात, मग दोष पत्र्याला दिला जातो. ब्लीच किंवा क्लोरिन असलेलं फ्लोअर क्लीनरही नको, त्याने स्टीलला टोचल्यासारखे खड्डे पडतात. तपकिरी डाग दिसला तर खाण्याचा सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून मऊ फडक्याने रेषांच्या दिशेने घासा, धुवा, कोरडं करा.

एनॅमलचा पत्रा हाही चांगला पर्याय आहे, आणि किनाऱ्यालगत तर विचार करण्यासारखा. त्याला मीठ लागत नाही, हळदीचा डाग सहसा धरत नाही. त्याचं वैर धक्क्याशी: जड तवा कडेवर आपटला की कपची उडते आणि खालचं लोखंड उघडं पडतं. आंबट पदार्थ रात्रभर राहिले तर चकाकीही मंदावते.

काच

काचेचा वरचा भाग पुसायला सर्वांत सोपा, हे खरं आहे. जोड नाहीत, गंज नाही. पण जळलेला गूळ काचेवर चिकटून बसतो आणि तो खरवडताना ओरखडे उमटतात. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा मोठं भांडं तासभर ठेवलं की उष्णता काचेवर परतते. त्यावर गार ओला फडका पडला तर कठीण केलेली काचही फुटू शकते. चवथीला मोठी पातेली चढवणाऱ्या घरांनी काच टाळावी. दोघांच्या रोजच्या स्वयंपाकाला ती उत्तम. घेतलीत तर बर्नरभोवतीचं सील आणि काचेची कड बघा. सील उचकटलेलं असेल तर सगळं सांडलेलं काचेखाली जातं, आणि तिथे मेकॅनिकशिवाय कोणाचाच हात पोचत नाही.

नॉब

नॉब सरळ ओढून हातात आले पाहिजेत आणि तसेच परत बसले पाहिजेत. दांडीभोवती रबरी वायसर असावा, नाहीतर ओला फडका फिरवताना पाणी आतल्या व्हॉल्व्हमध्ये उतरतं. व्हॉल्व्हचं ग्रीस जातं आणि नॉब जड फिरू लागतो. आकडे कोरलेले असावेत, छापलेले वर्षभरात पुसले जातात. चकचकीत मुलामा दिलेले नॉब किनाऱ्याजवळ फुगून सोलतात. भरीव स्टीलचे किंवा चांगल्या प्लास्टिकचे घ्या, प्लास्टिकमध्ये काही कमीपणा नाही.

ओव्हन

वर गॅस आणि खाली विजेचा ओव्हन हे जोडमॉडेल पुसायला बरं पडतं. शिवाय बेबिंक या थराथरांच्या गोड पदार्थाला थरागणिक वरून आच लागते, ती विजेच्या ग्रिलने नीट देता येते. पायरोलिटिक ओव्हन सुमारे ५०० अंशांपर्यंत तापून आतल्या घाणीची राख करतो. ही सोय मुख्यतः विजेच्या ओव्हनमध्ये मिळते आणि ती खरोखर कामाची आहे. ओव्हनच्या आतल्या बाजूंना बसवलेले कॅटॅलिटिक पत्रे मात्र फक्त तेल-तूप जिरवतात. बेबिंकेची साखर किंवा नारळाचा रस त्यांच्यावर पडला तर बारीक छिद्रं बुजतात, आणि हे पत्रे घासायचे नसतात. ज्या घरात गोड भाजणं जास्त, त्यांना साधं गुळगुळीत एनॅमल जास्त सोयीचं.

दार बिजागरीवरून उचलून निघतं का, आणि काचा हत्यारांशिवाय सुट्या होतात का, हे विक्रेत्याला करूनच दाखवायला सांगा. दोन काचांमध्ये तेलाची वाफ शिरली आणि काच निघत नसेल तर तो ओघळ रेंज असेपर्यंत समोर दिसत राहतो. बाजूचे रॅक हाताने निघाले पाहिजेत. ओव्हनसाठी १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट लागतो; मोठ्या मॉडेलला किती लोड लागतो ते इलेक्ट्रिशियनला पुस्तिका दाखवूनच ठरवा.

गॅसची बाजू

साफसफाईशी याचा संबंध थेट आहे, कारण चुकीच्या जेटची पहिली खूण म्हणजे काजळी. आपल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो. पाईपचा नैसर्गिक गॅस साधारण २१ मिलिबारने येतो आणि त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. परदेशी रेंज कधी कधी नैसर्गिक गॅसचे जेट बसवूनच येते; तिला सिलिंडर जोडला तर ज्योत उंच, पिवळी आणि धोकादायक होते. खरेदी करताना दोन्ही जेटसंच पेटीत आहेत याची खात्री करा. गोव्यात काही भागांत पाईपचा गॅस पोचला आहे, उद्या तुमच्याकडे आला तर दुसरा संच लागेल. जेट बदलायचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

ज्योत विझली की गॅस बंद करणारी सुरक्षा प्रत्येक बर्नरला हवी. पेज उतू जाऊन आच विझते, तेव्हा तीच घर वाचवते. तिचं बारीक टोक बर्नरजवळ उभं असतं. ते चिकट झालं की नॉब सोडताच ज्योत विझते आणि लोक शेगडी बिघडली असं समजतात. कोरड्या मऊ ब्रशने टोक पुसलं की बहुतेक वेळा काम भागतं. नळी आयएसआय खुणेची, तारेचं अस्तर असलेली सुरक्षा नळी, दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षांनी बदलायची.

दुकानात

बरोबर न्यायच्या वस्तू: टेप, लोहचुंबक, सुती फडका, सिंकची मापं आणि घरातलं सर्वांत मोठं पातेलं. लाजू नका, पातेलं खरंच न्या.

१. विक्रेत्याला बाजूला उभं करून स्वतः सगळ्या जाळ्या, टोप्या, चकत्या आणि नॉब काढा आणि परत बसवा. तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर रोज कोणी काढणार नाही.
२. फडका ओला करून पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून, बर्नरच्या बुडाभोवतून आणि नॉबमागून फिरवा. जिथे तो अडकतो, तिथे घाण साचणार.
३. पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवून बघा. ते नॉबवर लोंबत असेल तर नॉब तापतील आणि ओघळही तिथेच येईल.
४. टोप्या, चकत्या, जाळीचे पाय, स्पार्कचं टोक या सुट्या भागांच्या किमती लेखी मागा. दुरुस्तीचा माणूस गोव्यातच आहे की मुंबई-बेळगावहून येणार, तेही विचारा.

बसवताना आणि नंतर

रेंज पातळीत बसली पाहिजे. पाय फिरवून उंची जुळवा, लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी तपासा. नाहीतर खोलगट पत्र्याचा उपयोग नाही, सगळं एका कोपऱ्याला वाहतं. बाजूच्या ओट्याशी अर्धा-एक सेंटिमीटरची फट सर्वांत वाईट: बोट जात नाही, पण सांडगा-शेव सगळं जातं. पुस्तिकेत परवानगी असेल तर उष्णता सोसणारी पट्टी लावून फट बंद करा, नाहीतर झाडू जाईल एवढं, दहा सेंटिमीटर अंतर सोडा. खालच्या पायांची उंचीही दहा सेंटिमीटर तरी हवी. चिमणी पत्र्यापासून ६५ ते ७५ सेंटिमीटरवर. त्याहून उंच बसवली तर तेलाचे तुषार भिंतीवर जातात.

रोजच्यासाठी कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडका आणि शेवटी कोरड्या फडक्याचा एक हात पुरतो. वाळलेली पेज खरवडू नका. त्यावर गरम पाण्यात भिजवलेला फडका दहा मिनिटं ठेवा, ती आपोआप सुटते. किनाऱ्याजवळच्या घरांत आठवड्यातून एकदा बाजूचे पत्रे आणि दारसुद्धा साध्या पाण्याने पुसून कोरडे करा, त्यावर काही सांडलेलं नसलं तरी. धुतलेल्या टोप्या-चकत्या पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात त्या रात्रभर उलट्या ठेवून सकाळी बसवणं बरं.

घर काही महिने बंद राहणार असेल तर रेंज धुऊन, कोरडी करून, टोप्या काढून वेगळ्या डब्यात ठेवा आणि रेग्युलेटर बंद करा. प्लास्टिकने झाकू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती चादर चालते. परत आल्यावर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. बंद घरात कोळी तिथे जाळं करतात, त्याने हवेची वाट अडते आणि ज्योत पिवळी होते किंवा आतल्या आत भुसभुसते. तसं झालं तर लगेच नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, आणि मेकॅनिककडून वाट साफ झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.